फॅव्हिकॉन: १६ पिक्सेलांचे चित्र आणि मालकीचा प्रश्न

#थ्रेड

१/ ब्राउझरच्या टॅबवर संकेतस्थळाच्या नावाशेजारी दिसणारे इवलेसे चित्र म्हणजे ‘फॅव्हिकॉन’. १९९९ साली याच चित्राने सर्व्हर सांभाळणाऱ्यांची डोकेदुखी वाढवली. वादाच्या मुळाशी प्रश्न होता: संकेतस्थळावरील पत्ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

२/ मार्च १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘इंटरनेट एक्सप्लोरर ५’ आला. वाचकाने एखादे पान ‘फेव्हरिट्स’च्या यादीत जतन केले, की हा ब्राउझर त्या संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरात ‘फॅव्हिकॉन.आयसीओ’ नावाची फाइल मागे. ‘फेव्हरिट्स’ आणि ‘आयकॉन’ यांच्या जोडणीतूनच हे नाव घडले.

३/ बहुतेक संकेतस्थळांवर अशी फाइल नव्हतीच. परिणामी सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘४०४’, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’, अशा नोंदी साचू लागल्या. याच नोंदींवरून व्यवस्थापक तुटलेले दुवे शोधत असत. आता खऱ्या चुका या निरर्थक गर्दीत झाकल्या जाऊ लागल्या.

४/ या नोंदींना दुसरी बाजूही होती. मागणी पान जतन करतानाच येत असल्यामुळे किती जणांनी ते जतन केले, याचा अंदाज मालकाला बांधता येई. वाचकाची खासगी कृती त्याच्या नकळत परक्या सर्व्हरवर नोंदली जात होती. पुढे ब्राउझर साध्या भेटीतही चित्र मागू लागले. तो माग पुसट झाला, पण मागण्या वाढल्या.

५/ व्यवस्थापकांपुढे दोन वाटा होत्या: त्या नावाची एखादी फाइल, प्रसंगी रिकामीच, ठेवून देणे, किंवा ही मागणी लॉगमध्ये नोंदवू नये, असा आदेश सर्व्हरला देणे. एन्जिनएक्सच्या अनेक कॉन्फिगरेशन फाइलींत असा आदेश आजही आढळतो.

६/ ठरावीक नावाची फाइल मागण्याची प्रथा तशी जुनी होती. मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवलेली ‘रोबोट्स.टीएक्सटी’ त्यातलीच. मात्र तो संकेत चर्चेतून, सहमतीने ठरला होता आणि सर्व्हरमालकाची इच्छा कळवण्यासाठी होता. फॅव्हिकॉनचा पत्ता एका कंपनीने परस्पर ठरवला.

७/ एप्रिल २०१० मध्ये ‘आरएफसी ५७८५’ या दस्तऐवजाने अशा सामाईक फाइलींसाठी ‘.वेल-नोन’ ही स्वतंत्र जागा राखून ठेवली. २०१४ च्या ‘आरएफसी ७३२०’ ने संकेतस्थळाच्या पत्त्यांची रचना हा मालकाचाच अधिकार असल्याचे तत्त्व मांडले. तोवर फॅव्हिकॉनची रूढी पक्की झाली होती. पानात चित्राचा वेगळा पत्ता दिलेला नसेल, तर ब्राउझर आजही मूळ फोल्डरातच ती फाइल मागतात.