आडवी दांडी

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरफोजीराजांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. शेजारच्या पुदुकोट्टैचा सायकलींचा इतिहास मात्र त्याच्या गावीही नसतो. तंजावर व तिरुचिरापल्ली जिल्ह्यांचे भाग वेगळे काढून १९७४ मध्ये हा जिल्हा झाला. १९९१ च्या सुमारास जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तेथील साक्षरता मोहिमेला सायकल-शिक्षणाची जोड दिली. हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. टवाळी झालीच. लेडीज सायकली अपुऱ्या पडल्या, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या. आणि गंमत अशी, की कित्येकींना त्याच अधिक पसंत पडल्या. बायकांना अडचणीची मानलेली ती आडवी दांडी! तिच्यावर मूल बसवता येई. पाणी आणायला, शेतमाल विकायला निघताना बसची किंवा नवऱ्याची वाट पाहावी लागेना.