चुन्याची भिंत आणि मोगऱ्याचा वाफा

मंडळी, गावच्या घराची मागची भिंत यंदा पुन्हा चर्चेत आहे. खालच्या दोन-तीन फुटांत ओल, पोपडे आणि पांढरी भुकटी. ठेकेदार म्हणतो, जुना गिलावा काढून सिमेंटचा करू, वर वॉटरप्रूफ रंग मारू. घरातली निम्मी माणसं त्याच्या बाजूची आहेत. दिवाळीपूर्वी काय ते ठरायचं आहे, म्हणून माझं म्हणणं जरा इतिहासासकट मांडते.

ही भिंत मातीत रचलेल्या विटांची आणि चुन्याच्या गिलाव्याची. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी घातलं की तो रटरटतो, विरतो. मग वाळू किंवा विटांची सुरखी घालून तो घाण्यात मळायचा. आपल्या कितीतरी किल्ल्यांवर चुन्याचे गोल घाणे आजही दिसतात. दगडी चाक बैल ओढत. कुणी त्यात गूळ घाली, कुणी हिरड्याचं पाणी, कुणी बेलफळाचा गर.

भिंतीवर बसलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ व्हायची, आठवतं ना? तोच प्रयोग भिंतीवर महिनोन् महिने चालू असतो! असा गिलावा सच्छिद्र राहतो. जमिनीतून भिंतीत चढलेलं पाणी त्यातून वाफ होऊन निघून जातं.

सिमेंट मागाहून आलं. इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्याकडे पोरबंदरचा कारखाना १९१४ साली सुरू झाला. सिमेंट लवकर घट्ट होतं, फार मजबूत असतं. चुना मुरायला, वाळायला वेळ लागतो. घाईच्या जगात घाणे बंद पडले यात नवल नाही. सिमेंटला मी नावं ठेवत नाही. नव्या आरसीसी घराला तेच हवं. पण मऊ, ओल धरणाऱ्या जुन्या भिंतीवर त्याचं टणक कवच बसवलं की आतलं पाणी कोंडतं. वाट शोधत ते वर चढतं, सोबत क्षार आणतं. क्षारांचे स्फटिक फुगतात आणि पोपडे सुटतात. आत मातीचा दर्जा मऊ पडत जातो, बाहेरून मात्र भिंत गुळगुळीत दिसते. मला भीती आहे ती याची.

आपले पूर्वज पावसाळा संपला की दसरा-दिवाळीच्या सुमारास सफेदी करत. ती नुसती सणाची हौस नव्हती. पातळ हात झिजायचा, पण खालचा गिलावा वाचायचा. शिवाय ताजा चुना जंतूंना मारक. १८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या घरांना सक्तीने चुना मारला गेला. रोग उंदरांवरच्या पिसवांनी पसरत होता, त्यामुळे प्लेगावर तो उपाय पुरा पडणारा नव्हता, आणि त्या मोहिमेतली दांडगाई पुणेकरांच्या मनात राहिली ती वेगळीच. असो.

आता करायचं काय? आधी ओल कुठून येते ते पाहा. आपल्याकडे उत्तर समोरच आहे. भिंतीला लागून मोगऱ्याचा वाफा आहे, आणि दरवर्षी माती-खत घालून तो जोत्याच्या वर आला आहे. रोज संध्याकाळी पाणी मोगऱ्याला घालतो आणि भिंतही पिते. वाफा दोन फूट पुढे सरकवा, माती जोत्याखाली आणा, पन्हाळीचं पाणी लांब सोडा. मग भिंतीला पूर्ण वाळू द्या, घाई नको.

पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, नाहीतर क्षार परत आत जातात. ती आणि पोपडे वाफ्यात टाकू नका, मोगऱ्याची पानं पिवळी पडतील. सुटलेला भाग चुना-वाळूनेच भरा. मग भिंत ओलसर करून विरवलेल्या चुन्याचे पातळ तीन हात द्या. किंचित नीळ घातली की शुभ्र दिसतो. रंग हवा तर गेरू किंवा पिवडी. चुना विरवताना पोरांना लांब ठेवा. तो उकळतो, आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

"चुना लावणे" म्हणजे फसवणे, असं आपण म्हणतो. या भिंतीच्या बाबतीत चुनाच प्रामाणिक आहे. ओल आली तर तो लगेच दाखवतो, लपवत नाही. ठेकेदाराला होकार देण्याआधी एक पावसाळा वाफा हलवून पाहूया, एवढंच माझं मागणं आहे. भिंत एवढी वर्षं थांबली आहे, आणखी एक वर्ष थांबेल.