कौल गाण्याचा की गावाचा?

लोकप्रियता आणि अभिरुची या दोन संज्ञा आपण मराठीच्या वर्गात पुष्कळदा एकमेकींच्या जागी वापरतो. एखाद्या कादंबरीच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, एखाद्या नाटकाचे हजार प्रयोग झाले, की त्या काळाची अभिरुची तशी होती असे विधान उत्तरपत्रिकेत सहज लिहिले जाते आणि आम्ही शिक्षकही त्याला गुण देतो. या दोन संज्ञांतले अंतर स्पष्ट दिसावे असे एक क्षेत्र आहे. ते म्हणजे गीतस्पर्धा. तेथे श्रोत्याचे मत नुसते गृहीत धरले जात नाही, ते प्रत्यक्ष मोजले जाते. म्हणूनच त्या मोजणीचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाने एकदा तपासून पाहावा, असे आम्हाला वाटते.

कलेचा निवाडा कोणी करावा, हा प्रश्न आपल्या परंपरेत भरतमुनींइतका जुना आहे. नाट्यशास्त्राच्या सिद्धिविषयक अध्यायात 'प्राश्निक' नावाच्या परीक्षकांचा विचार येतो. यज्ञाचा प्रसंग असेल तर यज्ञ जाणणारा, छंदाचा प्रश्न असेल तर छंद जाणणारा, शब्दाचा असेल तर वैयाकरण, अस्त्रांचा असेल तर धनुर्धर. या यादीत चित्रकार, गायक आणि गणिकाही आहेत. गुणदोषांची नोंद व्हावी आणि सरस ठरणाऱ्याला पताका मिळावी, अशी ती व्यवस्था. याच विवेचनात तरुणांना एक गोष्ट रुचते, विरक्तांना दुसरी, शूरांना तिसरी, अशी प्रेक्षकभेदाची कबुलीही आहे. प्रेक्षक एकजिनसी नसतो हे भरताला ठाऊक होते. म्हणूनच निवाड्याचे काम त्याने ज्या त्या विषयाच्या जाणकाराकडे दिले.

मराठी लोकपरंपरेने मात्र दुसरी वाट धरली. कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर समोरासमोर उभे राहत. कलगीवाले शक्तीचे श्रेष्ठत्व गाणार, तुरेवाले शिवाचे. एकाने अध्यात्माचे वा पुराणातले कूट घालावे, दुसऱ्याने ते तिथल्या तिथे रचून सोडवावे. कोकणातल्या शक्ती-तुऱ्यात आणि डबलबारी भजनात ही रीत आजही जिवंत आहे. या फडांचा श्रोता तटस्थ नव्हता. तो कलगीचा तरी असे, नाहीतर तुऱ्याचा. आपल्या बाजूच्या शाहिराला दाद देण्यासाठीच तो रात्र जागवी. पण प्रतिपक्षाने बिनतोड उत्तर दिले तर तेही त्याला ऐकून घ्यावे लागे, कारण कूट सुटले की नाही हे साऱ्या फडासमोर उघड होई. पक्षपात होता, पण त्याची बेरीज कोणी करत नव्हते.

बेरीज करण्याची सोय आकाशवाणीच्या युगात आली, आणि तीही परदेशातून. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी गृहस्थांकडे आली. शास्त्रीय संगीताने देशाची अभिरुची घडवावी, असा त्यांचा आग्रह होता. परिणामी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोलंबोच्या रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सायानी यांचा आवाज मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती कोलंबोला जात आणि तेथून लघुलहरींवर गाणी पुन्हा भारतात येत. श्रोत्यांची पत्रे हजारोंनी येऊ लागली. त्यातून गाण्यांची क्रमवारी लागू लागली; पुढे या क्रमवारीसाठी तबकड्यांचा खप आणि श्रोतासंघांची पसंती यांचा आधार घेतला गेला. पत्रे लिहिण्यात झुमरी तलैया हे आजच्या झारखंडातले छोटे गाव असे गाजले की त्याचे नाव फर्माइशीचा पर्यायच बनले. त्या गावाची सांगीतिक जाण इतर गावांहून अधिक होती काय? तसे कोणी म्हटलेले नाही. तेथे पत्रे लिहिण्याचा उत्साह अधिक होता, एवढेच. मतांच्या ढिगात हौस आणि चिकाटी आवडीच्या बरोबरीने मोजली जाते, हे तेव्हाच दिसून आले होते. शेवटी १९५७ मध्ये 'विविध भारती' सुरू करून आकाशवाणीलाही लोकांच्या आवडीपुढे वाट मोकळी करून द्यावी लागली.

याच दशकात युरोपात युरोव्हिजन गीतस्पर्धा जन्माला आली. १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात देश जमले. परीक्षकांनी गुप्त मतदान केले आणि त्याचा तपशील कधीच प्रसिद्ध झाला नाही. पुढच्याच वर्षापासून आपल्याच देशाला मत देण्यास मनाई झाली. परीक्षकमंडळेही पूर्णतः निःपक्ष होती असे नाही. १९७४ मध्ये स्वीडनचा 'अबा' हा वाद्यवृंद जिंकला, तेव्हा यजमान ब्रिटनच्या परीक्षकांनी त्याला एकही गुण दिला नव्हता. १९९७ मध्ये पाच देशांत दूरध्वनीवरून मतदानाचा प्रयोग झाला आणि वर्षभरात तो बहुतेक सर्वत्र पसरला. मग शेजारधर्म उघडपणे आकड्यांत दिसू लागला. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना भरभरून गुण देत. उत्तरेकडचे देश आपसांत. आणि जर्मनीत पोटासाठी आलेले तुर्क जर्मनीच्या दूरध्वनीवरून तुर्कस्तानला. मायदेशाला मत देण्याची मनाई त्यांना लागू होत नव्हती, कारण ते परदेशात राहत होते. हा पक्षपात आवरण्यासाठी २००९ च्या अंतिम फेरीपासून परीक्षकांना निम्मा वाटा परत देण्यात आला. तरी २०२२ मध्ये युद्धग्रस्त युक्रेनला प्रेक्षकांनी ४३९ गुणांचा कौल देऊन विजयी केलेच. परीक्षकांच्या यादीत तो देश चौथा होता.

या इतिहासातला सर्वांत बोलका तपशील आम्हाला वेगळाच वाटतो. १९९९ मध्ये आपापल्या भाषेत गाण्याची सक्ती तेथे उठली. त्यानंतर बहुसंख्य देश इंग्रजीत गाऊ लागले, सूर आणि ठेकेही एकमेकांसारखे होऊ लागले. अभिरुची अशी एकसारखी होत असताना मतांतले शेजारधर्म मात्र टिकून राहिले. गाणी सारखी आणि मते वेगळी, असे जेव्हा घडते तेव्हा मत गाण्याला पडत नसते, हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्याकडे वळू. झी टीव्हीवर १९९५ मध्ये 'सा रे ग म' सुरू झाले, तेव्हा निवाडा संगीतातल्या जाणत्यांकडे होता. २००४ च्या अखेरीस सोनीवर 'इंडियन आयडॉल' आले आणि पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर एसएमएसचा कौल लागला. मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत विजयी झाला, भिलाईचा अमित साना दुसरा आला. त्याच वर्षी 'फेम गुरुकुल'मध्ये काश्मीरचा काझी तौकीर विजेत्या जोडीत होता. त्याच्या गाण्यातल्या उणिवा परीक्षकांनी वारंवार दाखवल्या होत्या. २००६ च्या प्रारंभी सिलचरच्या देबोजित साहासाठी आसाम एकवटले. आणि २००७ मध्ये तर स्पर्धेने इतिहासच घडवला. दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल अंतिम फेरीत पोहोचले. दार्जिलिंगच्या डोंगरात वर्गण्या गोळा करून एसएमएस पाठवले गेले. ही मोहीम हाती घेणारे बिमल गुरुंग यांनी तमांगच्या विजयानंतर पंधरवड्याच्या आतच गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना केली. गाण्याच्या स्पर्धेतून पक्षाची बांधणी झाल्याचे असे दुसरे उदाहरण भारतात क्वचितच सापडेल.

हे दोघे तरुण गात काय होते? हिंदी चित्रपटगीते. एकाने नेपाळी गीत गाऊन गोरख्यांची मने जिंकली, दुसऱ्याने खासी गीताने मेघालय जिंकला, असे झालेले नाही. दोघांचाही गीतसंच एकच होता आणि त्यांच्या मतदारांचीही रोजची करमणूक तीच होती. युरोपात जे इंग्रजीने केले ते येथे हिंदी चित्रपटगीताने केले. आवड एक झालेली होती. वेगळी होती ती फक्त ओळख, आणि मत त्या ओळखीचे होते.

बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात शिकवताना आम्हाला हे जवळून पाहता आले. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, त्याच सुमारास औद्योगिक वसाहत वाढू लागली. मूळचे वाडवळ, मांगेला, भंडारी, वारली, मल्हार कोळी. शेजारच्या सीमेवरून येणारी गुजराती. अणुऊर्जा वसाहतीत देशभरातून आलेली कुटुंबे. कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, राजस्थानातले कामगार. एसएमएसच्या त्या वर्षांत कोणता विद्यार्थी कोणाच्या बाजूचा, हे हजेरीपटावरचे आडनाव वाचून आम्हाला पुष्कळदा आधीच सांगता येई. पण हीच मुले मधल्या सुट्टीत एकाच मोबाइलभोवती जमून एकच गाणे ऐकत. हळदीच्या मांडवात वाजणारी गाणीही जातीपातींची कुंपणे ओलांडून सारखीच असत. ज्यांची आवड एक होती त्यांची मते मात्र चार राज्यांत विखुरलेली होती. जर्मनीतल्या तुर्काची आणि बोईसरच्या चाळीतल्या बिहारी कामगाराची गोष्ट येथे एक होते: दूर राहणाऱ्या माणसाला गावाला दिलेला एक निरोप म्हणजे ते मत. त्याला अडाणी म्हणून हिणवण्याचा अधिकार आम्हाला नाही. मात्र त्याला अभिरुचीचा पुरावाही म्हणता येणार नाही.

याला एक अपवाद सांगितला पाहिजे. २००८-०९ मधील झी मराठीच्या 'लिटिल चॅम्प्स'मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत अंतिम फेरीत होते. येथेही प्रदेशाभिमान होताच. पण नाट्यगीत, भावगीत, अभंग, गौळण, लावणी असे मराठी गाण्याचे नाना प्रकार मंचावर आले होते आणि मुलांच्या गळ्यांची घडणही वेगवेगळी होती. कार्तिकी विजयी झाल्यावर घरोघर जो वाद झाला, त्यात गावाभिमानाइतकाच नाट्यगीताचा संस्कार श्रेष्ठ की भजनाचा मोकळा आवाज, असाही प्रश्न होता. गीतसंच विविध असेल तर मतामागे थोडी तरी अभिरुची उभी राहू शकते, एवढे यावरून म्हणता येईल.

आणि जी गाणी स्पर्धेत उतरतच नाहीत त्यांचे काय? २०१४ मध्ये अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ३७ टक्के लोक आदिवासी आहेत. येथले मुख्य वाद्य तारपा. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान यांचे ते बनते. तारपकरी मध्ये फिरतो आणि नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती वळत राहतात. येथे श्रोता असा वेगळा उरतच नाही. सगळे नाचात असतात. मत द्यायला बाहेर उभे कोण राहणार? वारली लग्नात धवलेरी बाई गाणी म्हणते. तिचे गाणे हा विधीच आहे, त्यावाचून लग्न लागत नाही. त्याला उत्तेजनार्थ पारितोषिक कसे द्यावे? जव्हारजवळच्या वाळवंडा गावचे ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हा मान एसएमएसच्या कौलाने मिळणे शक्य नव्हते.

आमच्या महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत हा प्रश्न दरवर्षी समोर येतो. एकल गायन, तीन मिनिटे, सोबतीला तयार ध्वनिफीत, अशी चौकट ठरलेली. वारली पाड्यावरून आलेली मुलगी त्या चौकटीत हिंदी गीतच गाते, कारण तिच्या आजीचे गाणे एकटीने गायचे नसते आणि तीन मिनिटांत संपतही नाही. तिचे मित्र टाळ्या वाजवून तिला जिंकून देतात, आणि आपण समजतो की आदिवासी मुलांना संधी मिळाली. तिला मिळालेली दाद खरीच असते. पण तिची ओळख जिंकते आणि तिचे गाणे घरीच राहते. आपला माणूस मोठा व्हावा यासाठी त्याने आपले गाणे सोडावे, ही अट या स्पर्धांनी कोठेही लिहिली नाही; ती सर्वांनी न सांगता पाळली.

म्हणून आकडे वाचताना साहित्याच्या विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवतो: मत देण्याचे साधन कोणाच्या हाती होते? निवडीसाठी समोर काय ठेवले होते, आणि काय ठेवलेच नव्हते? मत कलाकृतीला पडले की कलावंताच्या गावाला? हेच प्रश्न खपाच्या याद्यांना, वाचकपसंतीच्या पुरस्कारांना आणि आमच्या अभ्यासक्रमांनाही विचारता येतील. भरताने यज्ञासाठी यज्ञ जाणणाराच परीक्षक मागितला होता. पुढच्या संमेलनात धवलेरीच्या गाण्याला जागा द्यायची असेल, तर परीक्षकाच्या खुर्चीवर आधी एखाद्या धवलेरीला बसवावे लागेल, आणि तीन मिनिटांची चौकट आम्हा प्राध्यापकांनाच मोडावी लागेल.