दूरनियंत्रित छायाचित्रण

दूरनियंत्रित छायाचित्रण : कॅमेऱ्यास प्रत्यक्ष हात न लावता, काही अंतरावरून त्याची झडप (भिंगातून येणारा प्रकाश अडविणारा व क्षणभर आत सोडणारा पडदा) उघडून छायाचित्र घेण्याची पद्धती. ही क्रिया रबरी फुग्यातील हवेच्या दाबाने, तारेतील विद्युत् प्रवाहाने, अवरक्त (तांबड्या रंगापलीकडील, डोळ्यांस न दिसणाऱ्या) किरणांनी किंवा रेडिओ तरंगांनी घडवून आणता येते. छायाचित्रक दुरून स्वतः कळ दाबतो त्या प्रकारास दूरनियंत्रण आणि वाटेने जाणारा प्राणीच नकळत कॅमेरा चालवितो त्या प्रकारास सापळा-कॅमेरा असे म्हणतात. दोन्ही प्रकारांत झडप उघडण्याचा आदेश कॅमेऱ्याबाहेरून येतो, हे समान तत्त्व होय. डिजिटल कॅमेऱ्यांचा प्रसार झाल्यावर बिनतारी दूरनियंत्रक सामान्य हौशी माणसाच्या हाती आला. त्याच वेळी या तंत्राचे महत्त्व केवळ सोयीपुरते न राहता, माणूस हजर नसताना घेतलेले छायाचित्र पुरावा म्हणून ग्राह्य मानले जाऊ लागले. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या देवरूखसारख्या परिसरात या दुसऱ्या उपयोगाचे मोल विशेष आहे.

इतिहास : १८३९ मध्ये छायाचित्रणाची कला जाहीर झाली तेव्हा झडपेची गरजच नव्हती. उद्भासनास (संवेदनशील पृष्ठावर प्रकाश पडू देण्याच्या क्रियेस) कित्येक मिनिटे लागत आणि छायाचित्रक भिंगावरील टोपण हाताने काढून पुन्हा बसवीत असे. मुंबईत १८५४ मध्ये स्थापन झालेल्या छायाचित्रण संस्थेच्या काळात, डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे तिचे सभासद याच रीतीने काम करीत. पुढे रासायनिक लेप अधिक संवेदनशील झाले, उद्भासनाचा काळ सेकंदाच्या अंशावर आला आणि यांत्रिक झडप आवश्यक ठरली. झडप आली तशी ती कॅमेऱ्यापासून दूर उभे राहून उघडण्याची कल्पनाही आली. रबरी फुगा व नळी यांनी झडप उघडण्याची सोय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. विसाव्या शतकात तिची जागा लवचिक नळीतील पोलादी तारेने घेतली.

झडप उघडण्याचे काम चित्रविषयाकडेच सोपविण्याचा प्रसिद्ध प्रयोग एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात केला. धावणाऱ्या घोड्याच्या मार्गात तारा ताणून त्यांनी ओळीने मांडलेले कॅमेरे एकामागून एक चालविले आणि धावताना घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीपासून सुटतात हे सिद्ध केले. फ्रान्समध्ये आर्त्यूर बात्यू यांनी १८८८ मध्ये पतंगास बांधलेला कॅमेरा सावकाश जळणाऱ्या वातीने चालविला. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी १८९० नंतरच्या दशकात जंगलातील वाटेवर दोरी बांधून रात्री प्राण्यांना स्वतःचेच छायाचित्र घ्यावयास लावले. त्यांची ७४ छायाचित्रे नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या जुलै १९०६ च्या अंकात प्रसिद्ध झाली.

बिनतारी आदेशाचा मार्ग भौतिकीतील संशोधनाने मोकळा केला. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात विद्युत् चुंबकीय तरंग भिंतींपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजविली व दारू पेटवून दाखविली. दूरच्या यंत्रास तरंगांनी कामास लावण्याचे हे आरंभीच्या प्रात्यक्षिकांपैकी एक होय. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रेडिओ तरंगांनी चालणारी लहान नौका दाखविली. छायाचित्रणात मात्र या तत्त्वाचा उपयोग होण्यास बराच काळ लागला. प्रत्येक चित्रानंतर फिल्म हाताने पुढे सरकवावी लागत असल्यामुळे दुरून एकच चित्र घेता येई. विद्युत् चलित्राने फिल्म सरकविणारी जोडसाधने आल्यानंतर ही अडचण दूर झाली. १९७० ते १९८५ या काळात निकॉनसारख्या कंपन्यांनी व्यावसायिक कॅमेऱ्यांसाठी अवरक्त किरणांवर व रेडिओ तरंगांवर चालणारे दूरनियंत्रक उपलब्ध केले. ते महाग होते आणि फिल्मच्या एका गुंडाळीत सामान्यतः ३६ च चित्रे मावत. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना तयार केला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी असे कॅमेरे सर्वत्र पसरले आणि एका स्मृतिपत्रावर हजारो चित्रे साठू लागली. दूरनियंत्रणावरील शेवटचे मोठे बंधन अशा रीतीने नाहीसे झाले.

कार्यपद्धती : डिजिटल कॅमेऱ्याची कळ दोन टप्प्यांची असते. ती अर्धी दाबली असता भिंगाचे केंद्रीकरण व प्रकाशाचे मापन होते, पूर्ण दाबली असता झडप उघडते. कॅमेऱ्याच्या बाजूस असलेल्या खोबणीत या दोन क्रियांसाठी दोन व सामाईक असा एक, मिळून तीन विद्युत् संपर्क असतात. यांपैकी योग्य ते संपर्क जोडणे एवढेच बाह्य नियंत्रकाचे काम असते.

अवरक्त दूरनियंत्रकात लहान प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ सुमारे ८५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण ठरावीक सांकेतिक स्पंदांच्या रूपात फेकते व कॅमेऱ्यावरील ग्राही ते ओळखतो. हे साधन स्वस्त व हलके असते. परंतु प्रेषक व ग्राही समोरासमोर असावे लागतात, भर उन्हात संकेत क्षीण ठरतो आणि पल्ला काही मीटरांपुरताच असतो. रेडिओ दूरनियंत्रकास समोरासमोर असण्याची अट नाही. त्याचा पल्ला मोकळ्या जागेत शंभर मीटर वा त्याहून अधिक असू शकतो. भारतात २.४ ते २.४८३५ गिगॅहर्ट्झ हा कंप्रता-पट्टा अल्प शक्तीच्या साधनांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. मोबाइल दूरध्वनीवरून कॅमेरा चालविण्याच्या वाय-फाय व ब्लूटूथ या पद्धती याच पट्ट्यात काम करतात. तथापि या कंप्रतेचे तरंग पाण्यात लवकर शोषले जातात. कोकणातील पावसाळी, ओल्या पर्णसंभारात त्यांचा पल्ला घटतो आणि कमी कंप्रतेचे तरंग अधिक उपयोगी पडतात.

कॅमेरा जवळ असतानाही दूरनियंत्रक उपयुक्त ठरतो. बोटाने कळ दाबताना कॅमेरा किंचित हलतो. एक-दोन सेकंदांच्या उद्भासनात हा कंप चित्र बिघडवितो. देवरूखजवळच्या मार्लेश्वर येथील धारेश्वर धबधब्याचे वाहते पाणी रेशमी पटासारखे दाखवावयाचे असल्यास तिकाटणे व बिनतारी कळ ही साधी जोडी पुरेशी होते.

सापळा-कॅमेऱ्यात माणसाच्या बोटाची जागा संवेदक घेतो. बहुतेक साधनांत ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीची उष्णता ओळखणारा संवेदक असतो. परिसराहून वेगळ्या तापमानाचे शरीर त्याच्यासमोरून सरकले म्हणजे विद्युत् संकेत निर्माण होऊन झडप उघडते. यातच त्याची मर्यादाही आहे. एप्रिल-मे महिन्यांत कातळ तापून त्याचे तापमान प्राण्याच्या शरीराइतके होते, तेव्हा संवेदकास फरक जाणवत नाही. उलट उन्हात हलणाऱ्या गवतामुळे रिकामी चित्रे घेतली जातात.

भारतातील उपयोग : भारतात या पद्धतीचा पाया संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ्. डब्ल्यू. चॅंपियन यांनी घातला. १९२० नंतरच्या दशकात शिवालिकच्या जंगलात त्यांनी वाटेवर ताणलेल्या तारेने रात्री वाघांची छायाचित्रे मिळविली. ती १९२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची ठेवण वेगळी असल्याने एकेक वाघ ओळखता येतो, ही त्यांच्या छायाचित्रांवरून स्पष्ट झालेली गोष्ट पुढील शास्त्रीय गणनेचा आधार ठरली.

तरीही अनेक दशके वाघांची मोजदाद पावलांच्या ठशांवरूनच होत राहिली. १९७२ च्या पहिल्या अखिल भारतीय गणनेत १,८२७ वाघ असल्याचे सांगण्यात आले. एकाच वाघाचे ठसे माती व उतार यांनुसार बदलतात आणि त्यांची ओळख पाहणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून राहते, हा या पद्धतीचा दोष होता. कर्नाटकातील नागरहोळे येथे के. उल्हास कारंत यांनी सापळा-कॅमेरे व संख्याशास्त्र यांची सांगड घालून केलेले काम १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये उघड झाले, तेव्हा कागदावरील आकडे व जंगलातील वस्तुस्थिती यांतील अंतर सर्वांच्या लक्षात आले. नव्या पद्धतीने केलेल्या २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला.

२०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले व १,२१,३३७ चौ. किमी. क्षेत्र पाहण्यात आले. मिळालेल्या ३,४८,५८,६२३ छायाचित्रांपैकी ७६,६५१ वाघांची व ५१,७७७ बिबट्यांची होती. म्हणजे सुमारे साडेचारशे छायाचित्रांमागे वाघाचे एक मिळाले. उरलेल्या चित्रांत इतर वन्य प्राणी, गुरे, माणसे व हलणारे गवत यांचा भरणा होता. त्या वर्षी वाघांची संख्या २,९६७ व २०२२ मध्ये ३,६८२ इतकी अंदाजण्यात आली.

महाराष्ट्रात या साधनाने रूढ समजुतींनाही धक्का दिला. अकोले (तत्कालीन अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) येथील उसाच्या व शेतीच्या प्रदेशात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौ. किमी. मागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. तेथे दर चौ. किमी. मध्ये ३०० हून अधिक माणसे राहत होती. बिबट्या हा केवळ अरण्यातील प्राणी आहे व गावाजवळ दिसला म्हणजे तो वाट चुकला आहे, हा समज त्यामुळे टिकेनासा झाला. मुंबईतील आरे वसाहतीत रात्री घरांमधून जाणाऱ्या बिबट्याचे नयन खानोलकर यांनी अशाच रीतीने घेतलेले छायाचित्र २०१६ च्या आंतरराष्ट्रीय वन्यजीव छायाचित्रण स्पर्धेत शहरी विभागात सर्वोत्कृष्ट ठरले.

सह्याद्री व देवरूख परिसर : देवरूख हे रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण. त्याच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी असून तालुक्यातील शृंगारपूरहून प्रचितगडावर चढणारी वाट घाटमाथ्यावरील चांदोलीच्या अरण्याशी जाऊन भिडते. चांदोली राष्ट्रीय उद्यान व कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौ. किमी. आहे. प्रकल्प झाला, परंतु त्यात वाघ आहे काय, हा प्रश्न अनेक वर्षे विचारला जात होता. ठसे व विष्ठा यांवरून वाघाचा वावर सूचित होत होता. छायाचित्र मात्र नव्हते. विस्थापित झालेली गावे, सोडून द्यावी लागलेली शेती व त्यासाठी झालेला खर्च यांचे समर्थन ज्या प्राण्याच्या नावाने केले जात होते, त्याचे अस्तित्वच वादाचा विषय झाले होते. मे २०१८ मध्ये प्रकल्पात लावलेल्या सापळा-कॅमेऱ्याने वाघ टिपला. प्रकल्प जाहीर झाल्यापासून आठ वर्षांनी मिळालेला हा छायाचित्ररूप पुरावा होता. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एका वाघाची नोंद झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील वाघीण सह्याद्रीत आणण्यात आली. या घटनाक्रमावरून एक मर्यादाही ध्यानात येते. छायाचित्र मिळणे हा प्राण्याच्या असण्याचा पुरावा होय. न मिळणे हा त्याच्या नसण्याचा पुरावा नव्हे.

घाटाखाली परिस्थिती निराळी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जंगलाचा फार मोठा भाग खाजगी मालकीचा असून तोडीचा निर्णय मालकाच्या हाती असतो. अशा जंगलात कोणते प्राणी राहतात हे सरकारी नोंदींत सहसा आढळत नाही. रात्री वावरणारे व अत्यंत बुजरे खवले मांजर हे याचे उदाहरण होय. त्याच्या रक्षणासाठी शेजारच्या चिपळूण येथील सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने सापळा-कॅमेऱ्यांचा उपयोग केला. डुगवे येथे २०२० मध्ये ग्रामस्थांनी खवलोत्सव साजरा केला. न दिसणारा प्राणी चित्रात दिसल्याने गावाचे त्याच्याशी असलेले नाते बदलू शकते.

संगमेश्वर तालुक्यातील देवरायांच्या जुन्या वृक्षांवर धनेश पक्षी घरटी करतात. मादी ढोलीचे तोंड लिंपून आत राहते व नर फटीतून तिला भरवितो. जवळ माणूस आल्यास नर खाद्य देण्यास येत नाही. म्हणून दूर आडोशाला बसून बिनतारी कळ दाबणे हेच येथे योग्य ठरते. मात्र कॅमेरा घरट्याच्या अगदी जवळ बांधल्यास किंवा फ्लॅश वापरल्यास माणूस दूर असूनही उपद्रव टळत नाही.

मर्यादा व प्रश्न : कोकणात वर्षाला सरासरी ३,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो. बाष्पाने भिंगावर बुरशी धरते व संपर्क गंजतात. त्यामुळे पावसाळ्यात साधने सहसा काढून घ्यावी लागतात. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांत छायाचित्रणासाठी प्रवेश करण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगी लागते. खाजगी जमिनीवर मालकाची संमती घेणे इष्ट ठरते. दुर्मिळ प्राण्याचे ठिकाण प्रसिद्ध केल्यास ते शिकाऱ्यासही कळते.

याहून गंभीर प्रश्न माणसांचा आहे. वाटेवरील कॅमेरा वाघ व माणूस असा भेद करीत नाही. उत्तराखंडातील कॉर्बेट परिसरात झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सरपणासाठी जंगलात जाणाऱ्या स्त्रियांवर अशा कॅमेऱ्यांचा दबाव येत असल्याचे आढळले. घराबाहेर त्यांना मिळणारा मोकळेपणा त्यामुळे संपला व त्यांचे गाणे-बोलणे मंदावले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणाचा हक्क मूलभूत मानला आहे. कॅमेरा कोठे लावला आहे हे गावास सांगणे, माणसांची चित्रे वेगळी काढून नष्ट करणे व ती दंडासाठी न वापरणे हे संकेत पाळल्याखेरीज या पद्धतीस लोकांचा विश्वास लाभणार नाही. कळ दुरून दाबली, किंवा कोणीच दाबली नाही, तरी चित्राची जबाबदारी कॅमेरा लावणाऱ्याकडेच राहते.