प्राध्यापक पुन्हा विद्यार्थी होतो तेव्हा

महाविद्यालयात जाणारी मुले आज घरी बसून मोबाईलवर प्राध्यापकांचे व्याख्यान ऐकताना दिसतात. मग कॉलेजात जाऊन ही मुले करतात तरी काय, असा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडतो. व्याख्यान घरी ऐकायचे आणि वर्गात उदाहरणे सोडवायची, चर्चा करायची, शंका फेडून घ्यायच्या, या पद्धतीला उलटा वर्ग म्हणतात. अध्यापनाचा काही भाग समोरासमोर आणि काही इंटरनेटवर झाला, की ते संमिश्र अध्यापन. या पद्धतींचा इतिहास आम्ही चाळला, तेव्हा त्यात यंत्रांपेक्षा शिक्षकच अधिक भेटले.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर हे १९८४ पासून भौतिकशास्त्र शिकवीत होते. आपण उत्तम शिकवतो, अशी त्यांची समजूत होती. १९९० च्या सुमारास त्यांनी विद्यार्थ्यांना काही साधे प्रश्न घातले. अवजड ट्रक आणि लहानशी मोटार यांची टक्कर झाली, तर कोणाचा कोणावर अधिक जोर? न्यूटनचा तिसरा नियम मुखोद्गत असलेली मुलेही येथे चुकली. दोष मुलांच्या माथी न मारता मझूर यांनी आपली पद्धतच बदलली. वाचन आधी करून यायचे आणि वर्गात प्रश्नावर शेजाऱ्याशी वाद घालून उत्तर शोधायचे, असा पाठ त्यांनी घालून दिला. १९९७ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. ओहायो राज्यातील मायामी विद्यापीठाच्या अर्थशास्त्राच्या तीन अध्यापकांनीही चित्रफितींवर व्याख्याने देऊन वर्ग 'उलटा' केला व २००० साली तो अनुभव प्रसिद्ध केला.

परंतु एका मझूरने विद्यापीठ बदलत नाही. शेकडो प्राध्यापकांना ही वाट कोण दाखवणार? सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाने १९९६ च्या सुमारास इंटरनेटवरील अभ्यासक्रम सुरू केले, तेव्हा हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी प्राध्यापकांसाठीच एक अभ्यासक्रम रचला आणि तोही संमिश्र पद्धतीने चालवला. प्राध्यापकांनी काही भाग एकत्र बसून, तर काही भाग संगणकावर पुरा करायचा. आधी या वाटेने गेलेले सहकारी येऊन आपले अनुभव सांगत. सूचना नीट न समजल्यास विद्यार्थी कसा गोंधळतो, हे अशा रीतीने प्राध्यापकांना स्वतः अनुभवता येई. आमच्या मते या प्रशिक्षणाचे मर्म येथेच आहे.

आपल्या देशात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ पासून, विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. पुढे पवईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो अध्यापकांपर्यंत पोहोचण्याचा उपक्रम हाती घेतला. दूरस्थ केंद्रांचे समन्वयक प्रथम पवईत येऊन शिकत. नंतर मुख्य कार्यशाळेतील व्याख्याने इंटरनेटवरून देशभरच्या केंद्रांत पोहोचत आणि तेथे जमलेले अध्यापक प्रात्यक्षिके करीत. दुरून व्याख्यान आणि जवळून मार्गदर्शन, असे हे संमिश्र अध्यापनच होते.

मग २०२० ची टाळेबंदी आली. अशी तयारी नसलेल्या असंख्य अध्यापकांना एका रात्रीत कॅमेऱ्यासमोर बसावे लागले. अनेकांनी फळ्यासमोरचेच व्याख्यान तेथे दिले. पडद्यापलीकडचे विद्यार्थी ऐकताहेत की नाही, हेही त्यांना कळेना. त्यात त्यांचा दोष तो कोणता? मे २०२१ मध्ये आयोगाने एक मसुदा प्रसिद्ध केला. अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाईन शिकवावा, असे त्यात सुचविले होते. टक्केवारी कागदावर ठरवता येते. परंतु घरी काय द्यावे आणि वर्गासाठी काय राखावे, हा विवेक सरावानेच येतो. ज्या घरी एकच मोबाईल आहे, त्या घरच्या मुलाचा विचारही त्याच विवेकात मोडतो.

म्हणून आपल्या मुलांच्या महाविद्यालयात किती संगणक आहेत, हे विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा, असे आम्हाला वाटते. तेथील प्राध्यापकांना पुन्हा विद्यार्थी होण्यासाठी सवड आणि साथ मिळते काय? त्या उत्तरावर आपल्या मुलांचे शिकणे पुष्कळसे अवलंबून आहे.