साडेतीन वर्षांचे प्रोग्रामर : एका सोडून दिलेल्या प्रयोगाची गोष्ट (थ्रेड)

१/१०
अक्षरओळख नसलेले मूल संगणकाला आज्ञा देऊ शकेल काय? आज लहानग्यांच्या कोडिंग वर्गांच्या जाहिराती सर्वत्र झळकतात. परंतु या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९७४ ते १९७६ या काळातच मिळाले होते. ते शोधले रेडिया पर्लमन या तरुण संशोधिकेने. आणि ते काम अर्ध्यावर सोडलेही त्यांनीच.

२/१०
या कथेची पार्श्वभूमी १९६७ची. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे वॉली फर्झाइग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवली. संगणक तेव्हा अवाढव्य आणि अतिशय महाग होते. ते मुलांच्या हाती द्यावेत, हा विचारच अनेकांना हास्यास्पद वाटे.

३/१०
पॅपर्ट यांनी त्यापूर्वी जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्यासोबत काम केले होते. मूल ज्ञान नुसते ऐकून साठवत नाही, ते स्वतः घडवते, हा पियाजे यांचा सिद्धांत. पॅपर्ट यांनी त्यात भर घातली : घडवायचे तर हाताळता येईल असे काहीतरी समोर हवे. लोगोचे ‘कासव’ हे त्याचेच उदाहरण.

४/१०
हे कासव म्हणजे चाकांवर फिरणारा छोटा यंत्रमानव. पोटाशी एक पेन. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ ही जोडी चार वेळा दिली की जमिनीवरच्या कागदावर चौरस उमटे. भलतीच आकृती आली तर मुलाने स्वतः कासव होऊन ती पावले चालून पाहायची आणि चूक हुडकायची. येथे भूमिती पाठ करायची नव्हती, चालायची होती.

५/१०
अडचण एकच होती. आज्ञा टंकाव्या लागत. म्हणजे लिहितावाचता न येणारी मुले दाराबाहेरच. त्यांच्यासाठी पर्लमन यांनी ‘टॉर्टिस’ ही रचना केली. प्रथम बटणांची पेटी : एक बटण, एक कृती. नंतर कृती किती वेळा करायची हे सांगणारी आकड्यांची पेटी. त्यानंतर आज्ञांची मालिका लक्षात ठेवणारी पेटी.

६/१०
पण पेटीने लक्षात ठेवलेली मालिका डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही ते लहान मुलाने दुरुस्त कसे करावे? म्हणून पर्लमन यांनी खाचांचे यंत्र बनवले. रंगीत पट्ट्यांच्या खाचांत आज्ञांची कार्डे ओळीने खोचायची आणि कडेचे बटण दाबायचे. कासव डावीकडून उजवीकडे एकेक आज्ञा पाळी. चूक झाली तर कार्ड बदलायचे, इतकेच.

७/१०
खरी करामत रंगीत कार्डांत होती. लाल कार्ड खोचले की लाल पट्टीवरील सर्व आज्ञा अमलात येत. तेच लाल कार्ड लाल पट्टीच्या शेवटी खोचले तर? पट्टी स्वतःलाच पुन्हा बोलावी आणि कासव थांबतच नसे. संगणकशास्त्रात यालाच ‘रिकर्शन’ म्हणतात.

८/१०
या प्रयोगांतील सर्वांत लहान मूल अवघ्या साडेतीन वर्षांचे होते.

९/१०
तरीही हे काम थांबले. कारण तांत्रिक नव्हते. आसपास बहुतेक पुरुषच असलेल्या त्या वर्तुळात पर्लमन यांना गंभीर वैज्ञानिक म्हणून ओळख हवी होती. चिमुकल्या मुलांसोबतच्या कामाचा आपल्याला संकोच वाटे, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. त्या संगणक-जाळ्यांकडे वळल्या. जाळ्यात संदेश अखंड गरगरत राहू नयेत, यासाठी १९८५ मध्ये त्यांनी ‘स्पॅनिंग ट्री’ पद्धत दिली आणि कीर्ती मिळवली.

१०/१०
अनेक वर्षांनी एमआयटीतील संशोधकांनीच त्यांना कळवले की, त्या सोडून दिलेल्या कामातून हाताळता येणाऱ्या प्रोग्रामिंगची एक नवी शाखा उगवली आहे. आज ‘किबो’ यंत्रमानवासाठी मुले लाकडी ठोकळे जोडतात. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी २०१४ मध्ये ‘स्क्रॅच ज्युनियर’ आले. लहान मुलांना शिकवणे हे हलके काम मानले गेले, तेव्हा विज्ञानाने काय गमावले, याची ही नोंद आहे.