रांगेतल्या माणसाच्या बाजूने: सरकारी एचआयव्ही उपचारांचा इतिहास

एचआयव्हीच्या उपचारांचा इतिहास आपण बहुतेकदा औषधांच्या बाजूने सांगतो. आज तो रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने पाहू या.

सुरुवात गोव्यातून करावी लागते. १९८९ साली डॉमिनिक डिसूझा या तरुणाच्या रक्तात संसर्ग आढळला. तो नियमित रक्तदाता होता. त्याला पोलिसांकरवी नेऊन क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस एकट्याला ठेवलं गेलं. राज्याच्या कायद्यातच तशी सोय होती. म्हणजे बघा, सरकारी आरोग्यव्यवस्थेकडे रुग्णाचं पहिलं मागणं उपचारांचं नव्हतंच, सुटकेचं होतं.

१ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत एआरटी सुरू केली. पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. पण मोफत म्हणजे सर्वांना नव्हे. सीडी४ पेशी २००च्या खाली जाईपर्यंत बहुतेकांना थांबावं लागे. केंद्रं थोडी, त्यामुळे दुरून येणाऱ्याचा गोळ्या घेण्यात अख्खा दिवस जाई आणि रोजंदारीही बुडे. औषध फुकट, पण वारी महाग!

इथे दर्जाचे दोन हिशेब दिसतात. सरकारी नोंदवहीत किती नावं लागली, किती जणांना गोळ्या दिल्या, ते येतं. रुग्ण मात्र वेगळंच मोजतो: चारचौघांत माझा आजार उघड झाला का? डॉक्टरांनी हात लावून तपासलं का? पुढच्या महिन्यात गोळ्या असतील ना?

पहिल्या दोन प्रश्नांना कायद्याने उत्तर दिलं. २०१७ सालचा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही, गोपनीयता पाळायची, भेदभाव करायचा नाही, आणि वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी हवा. २०१७पासूनच सीडी४ची अट जाऊन निदान होताच उपचार देण्याचं धोरण आलं.

तिसरा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. उपचार ‘शक्य तेवढे’ पुरवावेत, असं कायदा म्हणतो. या दोन शब्दांना रुग्णांच्या संघटनांनी विधेयकाच्या वेळीच हरकत घेतली होती. जुलै २०२२मध्ये गोळ्यांच्या तुटवड्यामुळे रुग्ण दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दारात धरण्याला बसले, तेव्हा ती हरकत किती रास्त होती ते कळलं. ही गोळी जन्मभर, रोज घ्यायची असते. खंड पडला तर विषाणू डोकं वर काढतो, औषधाला दाद न देणाराही होऊ शकतो. ज्याला एकही दिवस चुकवून चालत नाही, त्याला ‘शक्य तेवढे’ कसं पुरेल?